पणजीचा फोटो नेमका कुणाकडे असतो?

एक साधा हिशोब करून बघा. आपल्याला आई-वडील दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. आता तोच हिशोब वरून खाली करा. समजा एका पणजीला ४ मुलं, त्या चौघांना प्रत्येकी ३, त्या १२ जणांना प्रत्येकी २, म्हणजे पणतवंडं झाली २४. आणि त्या बाईचा अख्ख्या आयुष्यात काढलेला फोटो बहुतेक एकच, फार तर दोन. तो या २४ पैकी कुणातरी एकाच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, जुन्या पाकिटात पडलेला असतो. उरलेल्या २३ जणांनी पणजीला कधी पाहिलेलं नाही, आणि ते सोडा, असा फोटो आहे हेच त्यांना ठाऊक नाही. मग ते मागणार कसा? आणि ज्याच्याकडे आहे त्याला कुणी मागत नाही म्हणून द्यायचं सुचत नाही. असं करत करत एक पिढी जाते, अजून एक जाते, आणि एक दिवस घर रिकामं करताना "हे कोण आहेत कुणास ठाऊक" म्हणून ते पाकीट रद्दीत जातं.

आपल्याकडे जुने फोटो येतात ते कशामुळे येतात याचा मी बराच विचार केलाय. हक्काने असे क्वचितच येतात. जो मुलगा जुन्या घरात राहिला त्याच्याकडे राहतात, म्हातारपणी ज्या मुलीने सांभाळलं तिच्याकडे जातात, नाहीतर आवराआवर करताना ज्याच्या हातात ती पेटी लागली त्याच्याकडे. म्हणजे योगायोगच. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या मुली, लांब निघून गेलेला धाकटा भाऊ, भांडण होऊन बोलणं तुटलेली एखादी शाखा, यांच्या वाट्याला काहीच येत नाही, आणि त्यांच्या मुलानातवंडांचं त्या फोटोतल्या माणसाशी नातं मात्र आपल्याइतकंच असतं, टक्काभरही कमी नाही. म्हणून मला आता ठामपणे वाटतं की आपल्याकडचा जुना फोटो आपल्याकडे फक्त ठेवायला दिलेला आहे. त्यात जी माणसं आहेत ती बाकीच्या २३ जणांचीही आहेत, आणि तो त्यांच्यापर्यंत पोचवणं हे आपलं काम आहे.

आमच्या घरची पेटी माझ्याकडे आली तेव्हा सगळ्यात आधी मी ओळखीचे चेहरे शोधले, सगळे तेच करतात. आजी, आजोबा, आजीचे भाऊ, लहानपणचे बाबा. हे बाजूला काढल्यावर जो गठ्ठा उरला तो मोठा होता आणि त्यात नक्की ओळखीचं असं कुणीच नव्हतं. त्यातला एक ग्रुप फोटो, दोघी बसलेल्या, तिघी मागे उभ्या, सगळ्या तरुण, कोपरा थोडा कुरतडलेला, मागे काही लिहिलेलं नाही. तो मी स्कॅन करून वंशावळीच्या एका साइटवर टाकला, आजीच्या माहेरच्या नावाखाली, आणि स्पष्ट लिहिलं की यातली एक माझी आजी असावी, बाकीच्या कोण माहीत नाही. बरेच महिने काहीच नाही. मग एका अनोळखी बाईंचा मेसेज आला की मागे उभ्या असलेल्यांपैकी डावीकडची माझी पणजी असेल का हो, कारण हनुवटीवरच्या तशा खुणेबद्दल आमच्याकडे सांगतात. त्यांची पणजी फार तरुणपणी गेली होती, मुलगी अगदी तान्ही असताना. म्हणजे त्या मुलीने, जी पुढे या बाईंची आजी झाली, स्वतःच्या आईचा चेहरा आयुष्यात पाहिला नव्हता. त्या शाखेत कुणीच पाहिला नव्हता. फोटो होता, पण आमच्या पेटीत होता, आणि आम्हाला ती कोण हे माहीत नव्हतं. त्यांना चेहरा माहीत नव्हता आणि आम्हाला नाव, आणि दोन्ही घरं आपापल्या अर्ध्या माहितीवर इतकी वर्षं बसलेली. पुढे त्यांच्या एका म्हाताऱ्या काकांनी बसलेल्यांपैकी एकीचं नाव सांगितलं, आणि ती माझ्या आजीची सख्खी मोठी बहीण निघाली, जिच्याबद्दल आमच्याकडे नुसतं "एक होती" एवढंच होतं. मी एक फोटो दिला आणि मला एक मोठी आजी मिळाली.

यातून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. आपण सगळे शेअर करताना ओळखीचे फोटो शेअर करतो आणि अनोळखी मागे ठेवतो, की आधी कळू दे कोण आहेत मग टाकू. हे उलटं आहे. ओळखीच्या माणसाचा फोटो बहुधा इतरांकडेही असतो. अनोळखी चेहऱ्याला ओळखणारा माणूस आपल्या घरात नाही, म्हणजे तो बाहेरच असणार, आणि फोटो बाहेर गेल्याशिवाय त्याला दिसणार नाही.

खरं तर फोटो वाटणं ही काही आजच्या मोबाइलची देणगी नाही. १८३९ मध्ये फ्रान्सच्या दागेरची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली तेव्हा फोटो म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला धातूचा एकच पत्रा, निगेटिव्ह वगैरे भानगडच नाही, त्यामुळे कॉपी काढायची तर त्या फोटोचाच पुन्हा फोटो काढायला लागायचा. मग १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याचं पेटंट काढलं, आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेले व्हिजिटिंग कार्डाएवढे फोटो निघायला लागले, त्यांना कार्त द व्हिजीत म्हणायचे. १८६० च्या दशकात त्याचं अक्षरशः वेड होतं, लोक घेऊन घेऊन नातेवाइकांना, मित्रांना वाटायचे, पोस्टाने पाठवायचे, आणि ही कार्डं सरकवायला म्हणून खास अल्बम निघाले. म्हणजे फॅमिली अल्बमचा जन्मच मुळी एकमेकांना फोटो देण्यातून झालाय. आणि याचा आपल्या कामाशी सरळ संबंध आहे, कारण असा कार्डाचा फोटो तुमच्याकडे बिननावाचा असला तरी त्याच वेळी काढलेल्या त्याच्या पाच-सहा जुळ्या कॉपी कुठल्या कुठल्या चुलत घरांत असू शकतात, आणि त्यातल्या एकीच्या मागे कुणीतरी नाव लिहिलेलं असू शकतं.

फोटो फिरवल्याने माणूस कसा सापडतो याचं मला सगळ्यात हलवून टाकणारं उदाहरण अमेरिकेच्या यादवी युद्धातलं आहे. जुलै १८६३, गेटिसबर्गची लढाई. तिथे एक सैनिक मेलेला सापडला, अंगावर ओळख पटेल असं काही नाही, फक्त हातात काचेवरचा एक फोटो, तीन लहान मुलांचा. मरताना तो मुलांकडे बघत होता. तो फोटो फिरत फिरत फिलाडेल्फियाच्या एका डॉक्टरच्या हातात गेला, जॉन बॉर्न्स त्यांचं नाव. त्या काळी वर्तमानपत्रात फोटो छापता येत नव्हता, म्हणून ऑक्टोबरमध्ये फोटोचं वर्णन छापलं गेलं, मुलं किती वर्षांची वाटतात, कोण कुठे बसलंय, आणि थोरल्या मुलाचे कपडे नि बहिणीचा फ्रॉक एकाच कापडाचे आहेत. ते वर्णन एका पेपरातून दुसऱ्यात गेलं. न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल नावाच्या छोट्या गावात फिलिंडा ह्युमिस्टन नावाच्या बाईने ते वाचलं. तिने नवऱ्याला तीन मुलांचा फोटो पाठवला होता आणि लढाईनंतर त्याचं पत्र आलं नव्हतं. डॉक्टरांनी मूळ फोटोवरून पुठ्ठ्याच्या कार्डावरच्या कॉपी काढून घेतल्या होत्या, त्यातली एक तिला पाठवली, आणि ती तिचीच मुलं होती. सैनिकाचं नाव अमोस ह्युमिस्टन. कापड एकच आहे, एवढ्या एका तपशिलाकडे कुणीतरी नीट बघितलं आणि ते लिहून काढलं, हे मी विसरू शकत नाही. हातात फोटो असलेल्या माणसाला त्यातलं काय महत्त्वाचं हे कळणारच नसतं, ते दुसऱ्या टोकाच्या माणसाला कळतं. म्हणून जे दिसतं ते सगळं लिहायचं.

आता हेच काम मोठमोठ्या संस्था करतात, आणि त्यांचे अनुभव घरच्या पेटीलाही लागू पडतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये सुमारे ३,००० जुने फोटो फ्लिकर या फोटो शेअर करायच्या साइटवर टाकले, लोकांनी खाली माहिती लिहायला सुरुवात केली, आणि वर्षाच्या आत लायब्ररीने स्वतःच्या कॅटलॉगमधल्या ५०० हून जास्त नोंदी त्या माहितीवरून सुधारल्या. तज्ज्ञांना जे कळत नव्हतं ते सांगणारे कितीतरी वेळा सामान्य लोक होते, कुणाचे आजोबा, कुणाची गल्ली. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट म्युझियमने २०११ मध्ये ११०० च्या वर मुलांचे फोटो ऑनलाइन टाकले, दुसऱ्या महायुद्धात आईबापांपासून तुटलेली मुलं, मदत संस्थांनी त्यांचे फोटो काढून ठेवले होते ते. प्रश्न एवढाच, की तुम्हाला मी आठवतो का. कित्येक मुलं सापडली, म्हणजे तोवर सत्तरी ओलांडलेली माणसं, आणि त्यातल्या काहींनी स्वतःचा लहानपणचा फोटो पहिल्यांदाच पाहिला.

कॅनडातल्या एका कामाबद्दल मला विशेष आदर आहे. तिथल्या राष्ट्रीय अर्काइव्हमध्ये इनुइट लोकांचे, म्हणजे उत्तरेच्या बर्फाळ भागातल्या मूळ रहिवाशांचे, हजारो फोटो होते, बाहेरून आलेल्या लोकांनी काढलेले, आणि काढणाऱ्याचं नाव लिहिलेलं पण फोटोतल्या माणसाचं नाव लिहायची कुणाला गरज वाटलेली नाही. या शतकाच्या सुरुवातीला तरुण इनुइट विद्यार्थ्यांनी ते फोटो स्कॅन करवून घेतले आणि घेऊन गेले आपापल्या वस्त्यांमधल्या म्हाताऱ्या माणसांकडे, हे कोण ते कोण विचारायला. प्रोजेक्ट नेमिंग म्हणतात त्याला, अजून चालू आहे. म्हाताऱ्या माणसांनी आपले भाऊ ओळखले, आया ओळखल्या, आणि सांगता सांगता नात्यांच्या गोष्टी सांगितल्या ज्या त्या पोरांनी कधी ऐकल्याच नव्हत्या. आणि जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर चिखलात सापडलेले लाखो फोटो स्वयंसेवकांनी पाण्याने धुतले, वाळवले, स्कॅन केले आणि लोकांना येऊन शोधता यावेत म्हणून मांडून ठेवले. घर गेलेली माणसं तिथे फोटो शोधायला यायची.

हे सगळं वाचून वाटतं ना, की आपलंही आज सुरू करावं. तर करा, पण एक काम स्कॅनरच्याही आधी करा. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस गाठा. स्कॅनिंग पुढच्या वर्षी केलं तरी चालेल, पण ओळखणारा माणूस पुढच्या वर्षी असेलच असं नाही, असला तरी आठवण असेल असं नाही. फोटो घेऊन बसा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून द्या. आणि नुसतं "हे कोण" विचारू नका, त्याला "माहीत नाही" एवढं उत्तर येतं आणि विषय संपतो. ही जागा कुठली असेल, फोटो कुणी काढला असेल, असे कपडे घालून कुठे निघाले असतील, यातलं नंतर कोण कुणाशी भांडलं, असं काहीबाही विचारत राहा. माझ्या आत्याला एक चेहरा काही केल्या आठवेना, पण फोटोतल्या बाकावरून तिला घर आठवलं, घरावरून त्या घरचा मुलगा, आणि मग एकदम नाव. घाई केली असती तर ते नाव तिथेच राहिलं असतं.

मग लिहायचं कसं. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाबून लिहिलेलं पुढच्या बाजूला उमटतं आणि शाई आरपार पाझरू शकते. मऊ पेन्सिल, हलक्या हाताने, कडेला. मागची बाजू प्लास्टिकसारखी गुळगुळीत असेल तर त्यावर पेन्सिल उठत नाही, अशा वेळी वेगळ्या कागदावर लिहून तो फोटोबरोबर ठेवा. पूर्ण नाव लिहा. "आजी" असं लिहिलं तर ते फक्त तुमच्यासाठी खरं आहे, तुमच्या मुलाला ती पणजी आणि चुलत शाखेला ती मावशी. माहेरचं-सासरचं दोन्ही नावं, जागा, साधारण साल, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे कुणी सांगितलं आणि कितपत खात्रीने. "आत्याने ओळखलं, नक्की" आणि "चेहऱ्यावरून मला वाटतं" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो लिहिला नाही तर दहा वर्षांनी अंदाजसुद्धा पुरावा म्हणून फिरायला लागतो. ऑनलाइन वंशावळींमध्ये हे फार होतं, एकाने चुकीचं नाव टाकलं की पन्नास जण कॉपी करतात, आणि मग खरं सांगणाऱ्यालाच पुरावे शोधत फिरावं लागतं.

गंमत म्हणजे ही अडचण शंभर वर्षांपूर्वीच कुणाच्या तरी लक्षात आली होती. कोडॅकने १९१४ मध्ये ऑटोग्राफिक नावाचे कॅमेरे काढले, त्यात पाठीमागे एक छोटी झडप होती, ती उघडून बारीक धातूच्या लेखणीने फिल्मच्या मागच्या कागदावर नाव-तारीख लिहिता यायची, डेव्हलप केल्यावर ते निगेटिव्हवर कायमचं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती फिल्म बंद झाली. फोटो काढतानाच नाव लिहायची सोय होती आणि ती गेली, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

स्कॅन करताना साधा फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, असा करा, अगदी छोटा असेल तर १२०० ला, आणि मूळ फाइल टिफमध्ये ठेवा, त्यात दर्जा जात नाही, वाटायला लहान होणारी जेपेग. फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीत मोडमध्येच, कारण पिवळेपणा, डाग, पेन्सिलची खूण हे सगळं माहितीचा भाग आहे. मागची बाजू कोरी वाटली तरी स्कॅन करा, पुठ्ठ्याची कड कापू नका, स्टुडिओचं नाव-पत्ता तिथेच असतो. अल्बममधून फोटो सोडवण्याआधी अख्ख्या पानाचा एक फोटो घ्या, कारण कोण कुणाच्या शेजारी लावलंय यावरूनही नाती कळतात. आणि ते चिकट पानांवर प्लास्टिक असलेले अल्बम असतात ना, त्यातले फोटो ओढून काढू नका, फाटतात, आधी जागेवरच स्कॅन करा. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि फाइलच्या आत लिहिलेली माहितीही बहुधा गळून पडते. नावं फाइलच्या आतल्या कॅप्शनमध्येही लिहा आणि फाइलच्या नावातही, म्हणजे एक हरवलं तर दुसरं राहील.

आता ज्या फोटोंबद्दल सांगणारं कुणीच उरलेलं नाही त्यांचं काय. त्यांना स्वतःलाच बोलतं करावं लागतं, आणि ते बऱ्यापैकी बोलतात. स्टुडिओ कुठल्या काळात कुठल्या पत्त्यावर होता हे जुन्या डिरेक्टरींमधून, म्हणजे धंद्यांच्या पत्त्यांच्या पुस्तकांतून, निघतं. अमेरिकेतल्या फोटोच्या मागे कराचा स्टँप असेल तर तो ऑगस्ट १८६४ ते ऑगस्ट १८६६ या दोन वर्षांतलाच, कारण यादवी युद्धाच्या खर्चासाठी फोटोंवर तेवढाच काळ तो कर होता. १८९० च्या दशकाच्या मध्यावर युरोप-अमेरिकेत बायकांच्या खांद्याशी फुग्यासारख्या बाह्या आल्या आणि काही वर्षांत गेल्या. पण फसायलाही होतं. तिकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत लहान मुलग्यांना सर्रास फ्रॉक घालायचे, त्यामुळे फ्रॉक दिसला की मुलगी असं धरून वंशावळीत नसलेल्या मुलीला शोधत बसायला होतं, त्यापेक्षा भांग बघा, मुलींचा बहुधा मधोमध आणि मुलग्यांचा कडेला. लोखंडी पत्र्यावरचे टिनटाइप आरशासारखे उलटे असतात, त्यात अंगठी उजव्या हातात दिसते ती खरी डाव्या हातात. आणि त्या काळातली रसायनं निळा प्रकाश फार पकडायची आणि तांबडा जवळजवळ नाहीच, म्हणून निळे डोळे पांढरट, भुतासारखे दिसतात, तांबूस केस काळे दिसतात, आणि चेहऱ्यावरचे साधे ठिपके गडद डाग वाटतात. तेव्हा एका फोटोवरून "आपल्या खापरपणजोबांचे केस काळेभोर होते" असं लिहून टाकू नका.

एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. जुना फोटो दिसला, माणूस ताठ उभा, पायांमागे लोखंडी स्टँडचा पाया दिसतोय, की नेटवर कुणीतरी लिहितं हा मेलेल्या माणसाचा फोटो आहे, स्टँडला उभा केलाय. मेलेलं शरीर त्या स्टँडने पेललं जाऊच शकत नाही. तो स्टँड जिवंत माणसाला काही सेकंद मान न हलवता उभं राहता यावं म्हणून होता. मृत माणसांचे फोटो काढले जायचे हे खरं आहे, पण ते बहुधा आडवे, झोपल्यासारखे, बाळ असेल तर आईच्या मांडीवर, आणि ते फार प्रेमाने काढलेले असायचे, कित्येकदा त्या बाळाचा तो एकमेव फोटो. कुणाच्यातरी धडधाकट पणजोबांना नुसत्या लाइक्ससाठी प्रेत म्हणून फिरवणं हे त्या माणसावर आणि त्याच्या वंशजांवर अन्यायच आहे.

तशीच काळजी मला एआयची वाटते. खराब फोटो स्वच्छ करून देणारी ॲप्स आता सगळ्यांकडे आहेत, आणि मी समजू शकते की धूसर चेहरा एकदम स्पष्ट झाला की डोळ्यांत पाणी येतं. पण तो स्पष्ट झालेला चेहरा फोटोत नव्हता. मशीनने हजारो दुसऱ्या चेहऱ्यांवरून अंदाज करून भरलेले डोळे आहेत ते, भरलेले दात आहेत, कुणा भलत्याचे. आपण शोधतोय आपल्या माणसाचा चेहरा, आणि हातात येतो कुणाचाच नसलेला. रंग भरणंही तसंच, साडी हिरवी होती की तांबडी हे काळ्या-पांढऱ्या फोटोला माहीत नाही. हौस म्हणून करायचं तर करा, पण त्याच्यावर तसं लिहा आणि मूळ स्कॅन नेहमी बरोबर द्या. चेहरे जुळवून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं म्हणाल तर ते सुचवण्यापुरतं ठीक, पण बहिणी-बहिणींचे चेहरे सारखे असणारच, आणि आपल्याला नेमकी हीच बहीण की ती, एवढंच तर शोधायचं असतं.

शेअर करायला लोक कचरतात त्याची कारणं मी ऐकलीत. कुणीतरी वापरेल, चोरेल, आपल्या घरातलं बाहेर जाईल. जिवंत माणसांच्या बाबतीत ही काळजी अगदी रास्त आहे, त्यांना विचारल्याशिवाय नाव-जन्मतारखेसकट काहीही टाकू नये, आणि लहान मुलांचं तर नाहीच नाही. घरातल्या एखाद्या दुखऱ्या गोष्टीवर बोट ठेवणारा फोटो असेल, पहिलं लग्न, सोडून दिलेलं मूल, तर आधी ज्यांना ते लागेल त्यांच्याशी बोलावं. पण दुसरी बाजूही बघा. दत्तक गेलेल्या माणसाची नातवंडं, निर्वासित होऊन अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेल्यांची मुलं, अनाथाश्रमात वाढलेले, यांच्या घरात पेटीच नाही. त्यांना आपल्या चेहऱ्यासारखा चेहरा कुठे दिसू शकतो? फक्त दुसऱ्याच्या पेटीत. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा फोटो आपण जपून जपून कुलपात ठेवतो तेव्हा आपण जपतो कुणापासून, हे एकदा स्वतःला विचारावं. मूळ फोटो द्यायचाच नाहीये. तो आपल्याकडेच राहतो, कोरड्या, थंड, अंधाऱ्या जागी.

आणि एकाच ठिकाणी टाकून थांबू नका. साइट बंद पडतात, पासवर्ड माणसाबरोबर जातात. फॅमिलीसर्चसारख्या वंशावळीच्या फुकट साइटवर माणसाच्या नावाला फोटो जोडता येतो, विकिट्रीवर तर सगळ्या जगाचं मिळून एकच झाड आहे, स्थानिक ग्रंथालयं-अर्काइव्ह घेतात का ते विचारावं, आणि चुलत-मावस सगळ्या शाखांमध्ये निदान एकेका माणसाला पूर्ण फोल्डर देऊन ठेवावं. कुणाला आता रस नसेल. नसू दे. रस बहुतेकांना उशिराच येतो, विचारायला माणसं उरत नाहीत तेव्हा, आणि त्या वेळी त्यांच्या जुन्या मेलमध्ये तरी ते फोल्डर सापडेल.

त्या पाचजणींच्या फोटोतल्या दोघी अजून अनोळखीच आहेत. उजवीकडे उभी आहे तिच्या हातात वही किंवा पुस्तक आहे, बसलेल्या दुसरीने एक पाय दुसऱ्यावर टाकलाय, त्या काळच्या फोटोत सहसा दिसत नाही असा. हे सगळं मी आता फोटोखाली लिहिलंय, वहीसकट. बाकीच्या गठ्ठ्यातले बिननावाचे फोटोही तसेच, दिसेल ते सगळं लिहून, एकेक करून टाकतेय. आजी-आजोबांचे नंतर.